उतरून मागं बघ

आळे गावच्या संपतनं नवी गाडी घेतली त्याला सहा महिने झाले, पण लायसन्स काढून बसलेल्या बायकोच्या हाती त्यानं ती एकदाही दिली नाही. "अश्विनी, तू कुठंतरी ठोकशील," एवढंच म्हणायचा. स्वतः मात्र मागच्याच महिन्यात रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची पाण्याची टाकी पाडून बसला होता.

आज शिनोलीला अश्विनीच्या माहेरी बारसं होतं. संपतनं अंगणात गाडी चालू केली, तेवढ्यात मागच्या सीटवरून त्याची आई साळुबाई म्हणाली, "आधी उतरून मागं बघ. कुणाचं पोर, शेरडू बसलेलं असतंय."

"आई, कॅमेरा हाय की."

"त्यात टाकी दिसली व्हती का?"

संपत उतरला. मागं जाऊन, वाकून चाकांखाली बघितलं आणि "कोणी न्हाई!" म्हणून ओरडला. मान वर करतो तर शेजारच्या सीटवर बसलेली अश्विनी ड्रायव्हरच्या सीटवर सरकून पट्टा लावत होती.

"अवो, बाजूला व्हा," ती हसू दाबत म्हणाली, "आन् येऊ दे, येऊ दे म्हणा!"

गाडी कुठंही न घासता अलगद रस्त्यावर आली. संपतलाही हसू फुटलं. "लई भारी, राव!" म्हणत तो मागच्या दाराशी गेला, पण दार आतून लॉक होतं.

साळुबाईनं काच बोटभर खाली केली.


"तू फटफटीवर ये. सूनबाई पहिल्यांदाच माहेरच्या दारात गाडी नेतीया, आन् तू मागं बसून गप बसायचा न्हाईस."