छत्रीचा रंग

न्हाणीघराच्या दाराच्या फटी ओल्या टॉवेलांनी बुजवल्या होत्या. आत जॉकी दोन लोकरी स्वेटरांवर रेनकोट चढवून स्टुलावर बसला होता. पायाशी वाफाळत्या पाण्याच्या बादल्या. हनुवटीवरून घाम टपटप गळत होता. अजून पाव किलो वजन उतरायचं होतं.

दाराबाहेर त्याची बायको मटार सोलत बसली होती. शर्यतीच्या दिवशीची ही त्यांची जुनी रीत. तिने विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं किंवा आलंच नाही, की तिने दार उघडायचं. गेल्या खेपेला उत्तर आलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा तो फरशीवर निपचित पडला होता.

“थोरल्या जावयाचा आवाज कसा आहे?”

“फुटक्या भोंग्यासारखा.”

“बरं. माझ्या आईला तुम्ही पाठीमागे काय म्हणायचात?”

“फौजदारीण.”

“एकदा समोर म्हणून दाखवायचं होतंत.”

तो हसायला गेला, तर ओठ एकमेकांना चिकटलेले. खाली ट्रेनरच्या गाडीचा हॉर्न वाजला. आज लाल घोडीवर त्याला बसायचं होतं. ती शिंगरू असल्यापासून त्यानेच तिला वळण लावलं होतं. वजन उतरलं नाही, तर तिच्यावर दुसराच कुणी बसणार. आणि या वयात त्याला पुन्हा कोण बोलावतंय?

कानात गुणगुण सुरू झाली होती. समोरची बादली कधी एक दिसे, कधी दोन. ते काही त्याने तिला सांगितलं नाही.

“अहो, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या हातात छत्री होती. कुठल्या रंगाची?”

उत्तराला जरा वेळ लागला. डोळे मिटल्यावर त्याला सगळं लख्ख दिसलं. रेसकोर्सचं कुंपण, चिखल, छत्रीतून तिच्या गालावर उतरलेला निळा उजेड.

“निळी.”

बाहेर शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

“चुकलं,” ती म्हणाली आणि तिने दार उघडलं.

वाफ भसकन बाहेर गेली. गार हवेने तो शहारला. “अगं, लाव ते दार! माणूस ताटकळलाय खाली!” तो उठायला गेला. तोल गेला आणि तो पुन्हा स्टुलावर बसला.

तिने खिडकीतून हात हलवून खाली ‘नाही’ म्हणून सांगितलं. हॉर्न आणखी एकदा वाजला. मग गाडी निघून गेली.

तिने रेनकोटची बटणं सोडली, एकेक स्वेटर डोक्यातून ओढून काढला. आतला माणूस एवढासा उरला होता. पाण्याने भरलेला तांब्या तिने त्याच्यापुढे धरला. तो नुसता त्याच्याकडे बघत राहिला. एकदा प्यायलं, की सकाळपासून उतरवलेलं सगळं परत.

“निळीच होती गं,” तो म्हणाला.

“हो, निळीच होती,” ती म्हणाली. “प्या.”