दहाव्या गाण्यापुरतं

"रडूच येत नाहीये मला!" ज्वालाने हेडफोन काढून सतरंजीवर आपटले.

पहिल्याच अल्बमची नऊ गाणी तिने जुन्या प्रियकराच्या नावाने भोकाड पसरून गायली होती. ती रेकॉर्ड करणारा हर्षद मध्येच तिच्या प्रेमात पडला, तीही त्याच्या, आणि सगळा घोटाळा झाला. सुखात लोळणाऱ्या बाईने दहावं विरहगीत गायचं कसं?

"तू मला सोड," तिने फर्मावलं. "गाणं होईपर्यंतच. पण नाटक नको हं, मनापासून सोड."

हर्षदने घसा खाकरला. "आपलं संपलं, ज्वाला." म्हणताक्षणी त्याला भर उन्हातून आल्यावर हेल्मेट काढावं तसं गार वाटलं.

ओढणीने नाक पुसत ती एकाच टेकमध्ये अशी गायली, की काचेपलीकडे त्याच्या अंगावर काटा आला.

"झक्कास! आता घे मला परत," बाहेर येत ती म्हणाली.

"राहू दे ना," हर्षद पुटपुटला. "असंच बरं वाटतंय."

ज्वालाचा ओठ थरथरला, डोळे काठोकाठ भरले. ती तरातरा आत गेली आणि तिने हेडफोन चढवले.

"बटण दाब, नालायका! अकरावं गाणं आलंय."