आतल्या खोलीतली संथा

ब्रह्माघाटच्या घरात अण्णांनी जन्मभर वेद शिकवले. आता आवाज साथ देईना, म्हणून शिष्यांसाठी त्यांची जुनी, रेकॉर्ड केलेली संथाच बैठकीतल्या स्पीकरवर लागायची. एक ओळ अण्णांची, मग शिष्यांनी ती दोनदा म्हणावी एवढी शांतता.

शिष्य वाढले, तेव्हा मुलाने, सुश्रुतने, वारलेल्या आईच्या आतल्या खोलीतही दोन स्पीकर जोडायला घेतले.

"तिथे नको रे," अण्णा म्हणाले. "तुझी आई भाजी निवडत तिथूनच ऐकायची. बैठकीत मी तिला कधी बसू दिलं नाही."

"शिष्य यायच्या आत बघू तर द्या, आवाज येतो का," म्हणत सुश्रुतने बटण दाबलं.

ओळ दोन्ही खोल्यांत घुमली. मग शांतता झाली, आणि त्या शांततेत आतून आईच्या आवाजात तीच ओळ आली. दोनदा. स्वर अचूक.

"रेकॉर्डिंगमध्ये आला असेल," सुश्रुत कसाबसा म्हणाला.

पुढची ओळ अण्णांच्या रेकॉर्डिंगमधून यायची होती. ती आतून आली, तिच्याच आवाजात. एकदाच. मग सगळं घर वाट बघत राहिलं.

अण्णांनी हात जोडले आणि ती ओळ दोनदा म्हटली.