दोन वर्षांनंतरचं लाकूड

या, जरा जवळ सरका, एका लाकूडवाल्याची गोष्ट सांगतो. घरं तापवणाऱ्या बॉयलरांना तो लाकूड पुरवायचा, पण ओलं लाकूड कुणाला जाळू द्यायचा नाही. "धूर मिळेल, ऊब नाही. दोन वर्षं वाळू दे," म्हणायचा. डॉक्टरांनी त्याला सहा महिन्यांची मुदत सांगितली, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी अंगणात ताजी लाकडं फोडून रचायला लागला.

बायको कडाडली, "अहो, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुमचं हे काय भलतंच! दोन वर्षांनी जाळणार कोण हे?"

"तू. तुला थंडी सोसत नाही."

तो गेला. दोन वर्षं सरली. हिवाळ्यात लेक माहेरी आली, तर बॉयलर थंडगार आणि आई दोन शाली पांघरून कुडकुडत बसलेली.

"अगं आई, बाबांनी रचलेलं लाकूड आहे ना?" लेकीने त्यातली दोन लाकडं एकमेकांवर आपटली. कोरडी ठणठणीत वाजली.

आईने ती हातातून काढून घेतली आणि पुन्हा जागच्या जागी रचली. "अजून ओलंच आहे गं."

बाबांनो, देवाच्या कृपेने उबेला बसाल तेव्हा त्या माणसाची आठवण काढा. ती एकटी किती काढणार?