नव्या मापाचे पट्टे

धायरीच्या त्या कारखान्यात लष्कराच्या वाहतूक विमानांसाठी सीटचे पट्टे शिवले जात. सुशीलाबाईंची तिथे एक रीत होती. नव्या मापाचा पहिला पट्टा शिवून झाला, की त्या खुर्चीत ताठ बसून तो स्वतःच्या अंगावर बांधायच्या, जोरात हिसका द्यायच्या आणि मगच पुढच्या पट्ट्याला हात लावायच्या. त्यांचा मुलगा शंभू फौजेत होता. परवाच तो रजा अर्धी टाकून अशाच एका विमानाने सीमेवर गेला होता.

सकाळी सुपरवायझर नम्रता पेढे घेऊन आली. "तोंड गोड करा, सुशीलाबाई. देश आणखी विमानं घेतोय. आपल्याला मोठी ऑर्डर मिळाली."

"मिळू दे की. पोरांना न्यायला-आणायला विमानं नकोत व्हय?"

दुपारी नव्या मापाचा पहिला पट्टा तयार झाला. सुशीलाबाई खुर्चीत बसल्या, पण कसाही बांधला तरी तो अंगावर बसेना.

"अगं, माप चुकलंय. माणूस सुटंल यातनं."

"माप बरोबर आहे, बाई," नम्रता जवळ येत म्हणाली. "हे बसलेल्या माणसाचे पट्टे नाहीत. स्ट्रेचरचे आहेत. जखमीला आडवं ठेवून बांधायचे."

"समदेच?"

"दोन हजार. पंधरा दिवसांत हवेत."

सुशीलाबाईंनी पट्ट्याची घडी घालून ती मांडीवर ठेवली. "आन् बसायचे कवा शिवायचे?"

नम्रताने हातातला ऑर्डरचा कागद उलटून पाहिला.

"ते सध्या नकोत म्हणालेत."