टेम्पोच्या बदल्यात

"टेम्पो इथं ठेवा, दिवसभर गाडी फिरवून बघा. पटली तर अदलाबदल करू," जुन्या गाड्यांचा दलाल म्हणाला. पंधरा वर्षांपूर्वी कुण्या कारखानदाराने मिरवलेली ती आलिशान गाडी पाहून गुणाजी भुलला. मागच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या रखवालदाराने त्याचा टेम्पो पाहून त्याला आचाऱ्यांच्या दाराकडे पिटाळलं होतं. आज तिथंच बायकोच्या भाचीचं लग्न होतं, आणि गुणाजीला त्या रखवालदाराचा सलाम हवा होता.

पुढचं डावं दार काही केल्या उघडेना, म्हणून इंदू मागे बसली. "अहो, टेम्पो आपल्याला पोसतो. हिला आपण पोसायचं," ती वाटभर बजावत राहिली. गुणाजीने गार हवेचं बटण दाबलं. आतून धूळ आली. "थोरामोठ्यांची धूळ आहे ती," तो शिंकत म्हणाला.

कार्यालयाच्या फाटकात तोच रखवालदार धावत आला. त्याने मागचं दार अदबीने उघडलं, इंदूला वाकून सलाम केला आणि मग गुणाजीकडे वळला.

"गाडी तिकडं झाडाखाली लाव. ड्रायव्हर लोकांची पंगत मागच्या अंगाला आहे."

गुणाजी तोंड उघडणार, तेवढ्यात इंदूने पदर सावरला.

"जा रे, जेवून घे पोटभर," ती म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तिने पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. "मग लगेच निघायचंय. आपला टेम्पो सोडवून आणायचाय."