मधला कागद

"ते पान नको," ग्रेस आत्या म्हणाली. "त्यावर यशयाचा फोटो आहे. बाजारभावाचं घे."

कृपानं पान बदललं. पप्पांच्या निधनवार्तेचं पान आत्यानं घडी करून मांडीवर ठेवलं.

सोनईतल्या त्या घरामागं, शेवग्याच्या सावलीत पप्पांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. पप्पांना मातीत ठेवून आठवडा झाला नव्हता, आणि कडेच्या पेटीतली राणी मेली होती. राणीवाचून पेटी टिकत नाही. ती दुसऱ्या पेटीवर चढवावी लागते. तशीच चढवली तर माश्या एकमेकींना मारून टाकतात, म्हणून मधे वर्तमानपत्राचं पान घालायचं. दोन्हीकडून माश्या ते कुरतडतात. कागद संपेतो एकमेकींचा वास अंगात मुरतो आणि परक्या माश्या एका घरच्या होतात.

पेटी उचलायला शेजारचा गोरक्ष आला होता. त्याच्या कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर दरवर्षी यशया सरांच्याच पेट्या जायच्या. तरी बायकोची ओढणी तोंडाला गुंडाळून तो लांबच उभा होता.

"चावत न्हाईत ना, ताई?"

"घाबरलास तर चावतात."

"मंग चावनारच की!"

कृपानं सुईनं कागदाला बारीक भोकं पाडली. गोरक्षनं श्वास रोखून पेटी उचलली, वर ठेवली आणि दोन उड्यांत मागं गेला.

"येवढ्याशा कागदानं एक हुत्यात व्हय? आमच्या भावकीत कागदानंच वाट लावली. एका आज्याची नातवंडं आमी, पन बांधावरनं समदे कोर्टात!"

कृपाला नको असताना हसू आलं. हे पप्पांनी ऐकायला हवं होतं. टाळी दिली असती त्यांनी गोरक्षला.

कारण बाप-लेकीचा जन्माचा वाद तोच होता. यशया सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, कृपा पुण्याच्या कॉलेजात आनुवंशिकी. आई फार लवकर गेली, तेव्हापासून जेवणाच्या ताटावर दोघांच्यात हा तिसरा पाहुणा असे. निसर्ग निवड कुणाची करतो, जनुकाची की कळपाची?

"कळपाची," सर म्हणायचे. "एकमेकांसाठी झिजणारा कळप टिकतो. बाकीचे आपसांत भांडून संपतात."

"जनुकाची," कृपा म्हणायची. "माशी डंख मारून मरते ती बहिणींसाठी. त्यांच्यात तिचंच रक्त असतं. परक्यासाठी कुणी मरत नाही, पप्पा."

"आणि जोडलेल्या पेटीतली? ती कुणासाठी मरते?"

"ती फसते. वास सारखा झाला की तिला आपलं-परकं कळत नाही. निसर्गाची चूक आहे ती."

"मग चूकच बरी," असं म्हणून सर ताट उचलायचे. हरले असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

म्हणाले ते एकदाच. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर. डायलिसिससाठी नगरच्या खेपा सुरू होत्या. आत्याला मधुमेह, म्हणून तिची किडनी घेण्याचा प्रश्नच नव्हता. कृपा रजा टाकून आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "माझी किडनी घ्या. उद्याच तपासणी करू. जुळायला हरकत नाही, अर्धे तर तुम्हीच आहात माझ्यात."

सर ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

"तुझ्या अंगाला सुई लावू देणार नाही मी! एक थेंब रक्त द्यायचं नाही कुणाला तपासायला."

ती रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सर तिच्याजवळ येऊन बसले. चेहरा सुजलेला, आवाज मऊ.

"तूच सांगतेस ना, बाप पिलाला वाचवतो, कारण पिलात त्याचंच रक्त असतं? मग झालं तर. जिंकलीस तू. आता हा विषय बंद."

विषय बंद झाला. वर्षभरात सरही.

गोरक्ष चहा पिऊन गेला. ऊन कलत होतं. कृपा पेटीपाशी उकिडवी बसली आणि तिनं लाकडाला कान लावला. कागद घातला की पप्पा असेच बसायचे. भांडणाचा आवाज वेगळा असतो, कुरतडण्याचा वेगळा. तो नीट ऐकू येईपर्यंत ते जेवायलाही उठत नसत.

आत नुसती घरघर होती. अजून काही कळत नव्हतं.

"मी जिंकले, आत्या," ती कान न काढताच म्हणाली. "एवढी वर्षं कळप कळप करत होते. शेवटी रक्तासाठीच जीव दिला त्यांनी. माझी एक किडनी वाचावी म्हणून. असं जिंकून काय करू मी?"

आत्यानं मांडीवरचं पान उलगडलं, गुडघ्यावर सारखं केलं. फोटोतल्या भावाच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"तपासणी झाली असती तर तोच जिंकला असता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अर्धं काय, काहीच जुळलं नसतं, कृपा. आश्रमातून तुला घरी आणलं ना, त्या पहिल्या रात्रीही तो असाच कान लावून बसला होता. तुझ्या पाळण्याला."